अमल : तीन अक्षरांत मावलेली आशा

मुलीचे नाव, सशस्त्र संघटना, मंगळाकडे झेपावलेले यान आणि आईच्या शोधात निघालेली एक बाहुली... अरबीतल्या एका चिमुकल्या शब्दाची ही चार रूपे!

अरबी लिपीत उजवीकडून डावीकडे अलिफ, मीम आणि लाम ही तीन अक्षरे लिहिली की शब्द तयार होतो - 'अमल'. अर्थ अगदी साधा. अमल म्हणजे आशा. मोरोक्कोपासून इराकपर्यंत असंख्य मुलींचे हे नाव आहे. आपल्या घरात, नात्यात एखादी आशा असते ना, तशीच तिकडे अमल!

मात्र या शब्दाचा प्रवास बारशाच्या पाळण्यापाशी थांबलेला नाही. याच तीन अक्षरांच्या झेंड्याखाली लेबनॉनमध्ये बंदुका उचलल्या गेल्या. हेच नाव घेऊन एक यान मंगळापर्यंत पोहोचले. आणि हेच नाव धारण करून एका बाहुलीने युरोपातले रस्ते तुडवले. शब्द एकच, पण तो कोण उच्चारतो आणि त्याच्या नावाने काय करतो, यावर त्याचा अर्थ बदलत गेला.

एका अक्षराचा फरक

अरबी भाषेत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून बनतात आणि ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत. त्यामुळे अक्षरांची जराशी अदलाबदल झाली तरी अर्थ पार बदलतो. अलिफ, मीम, लाम म्हणजे आशा. तीच अक्षरे अलिफ, लाम, मीम अशा क्रमाने लिहा, शब्द होतो 'अलम', म्हणजे वेदना! आशा आणि वेदना यांच्यात केवळ दोन अक्षरांच्या जागांचे अंतर आहे.

आणखी गंमत पुढेच आहे. अलिफऐवजी घशातून उच्चारले जाणारे 'ऐन' हे अक्षर घातले की दुसराच 'अमल' तयार होतो. त्याचा अर्थ काम, कृती. देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच दिसतात, अरबी माणसाच्या कानाला मात्र ते स्पष्टपणे वेगळे ऐकू येतात. (आपल्या संस्कृतातला निर्मळ या अर्थाचा 'अमल' यांच्यापैकी कोणाचाच नातलग नाही. तो केवळ योगायोग.)

हा कृतीवाचक अमल तर आपण मराठी माणसे रोज वापरतो. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला आणि 'अंमल' झाला. पेशव्यांचा अंमल, पोलीस ठाण्यातला अंमलदार, कायद्याची अंमलबजावणी, नशेचा चढलेला अंमल, अंमली पदार्थ, ही सारी त्याचीच लेकरे. 'मामला' आणि त्यावरून आलेला 'मामलेदार' हेही त्याच धातूच्या कुळातले. आशेचा अमल मात्र मराठीत आला नाही. आपल्याकडे संस्कृतातली आशा होतीच, शिवाय फारसीतली 'उमेद'ही घरची होऊन गेली.

संक्षेपाची किमया

राजकीय संघटनांची लांबलचक नावे आद्याक्षरांनी आखूड करण्याची रीत जगभर आहे. अरबी संघटना अनेकदा एक पाऊल पुढे जातात. आद्याक्षरांतून अर्थपूर्ण, जोशपूर्ण शब्द निघेल, असे नाव त्या शोधतात.

पॅलेस्टिनी 'फतह'चेच पाहा. 'हरकत अल-तहरीर अल-फिलस्तिनी', म्हणजे पॅलेस्टिनी मुक्ती चळवळ. त्याची आद्याक्षरे सरळ जोडली तर 'हतफ' हा शब्द होतो आणि त्याचा अर्थ मरण! असे अशुभ नाव कोण घेणार? म्हणून अक्षरे उलटी केली आणि झाले 'फतह', म्हणजे विजय. आपली 'फत्ते' ती हीच. १९८७ साली स्थापन झालेल्या 'हमास'चे नावही इस्लामी प्रतिकार चळवळ या अर्थाच्या अरबी नावाचा संक्षेप आहे, आणि हमास या शब्दाचा अर्थ आहे आवेश.

'अमल' त्याच पठडीतले. 'अफवाज अल-मुकावमा अल-लुबनानिया', म्हणजे लेबनॉनच्या प्रतिकाराची पथके. यातला 'अफवाज' हा शब्द परका वाटायला नको. आपल्या 'फौज' या शब्दाचे ते अरबी अनेकवचन आहे. अफवाजचा अलिफ, मुकावमाचा मीम आणि लुबनानियाचा लाम एकत्र आले. फौज आणि प्रतिकार या कठोर शब्दांच्या आद्याक्षरांतून शब्द निघाला - आशा!

वंचितांचा इमाम

या नावामागे उभे होते इमाम मुसा अल-सद्र. जन्म १९२८, इराणमधल्या कुम शहरात. मूळ घराणे लेबनॉनचे. १९५९ साली ते दक्षिण लेबनॉनमधल्या सूर या बंदराच्या गावी धर्मगुरू म्हणून आले. उंच, देखणे, हिरव्या डोळ्यांचे मुसा सद्र बोलायला लागले की लोक ऐकत राहत. दक्षिणेतली शिया खेडी तेव्हा कमालीची मागासलेली होती. सद्र यांनी सूरजवळ गरीब आणि अनाथ मुलांसाठी तंत्रशिक्षणाची शाळा उभी केली.

सूरमधली एक आठवण अजूनही सांगितली जाते. तिथल्या एका ख्रिस्ती आइस्क्रीमवाल्याकडचे पदार्थ मुसलमानांनी खाऊ नयेत, असा प्रचार सुरू झाला होता. सद्र शुक्रवारचा नमाज आटोपून थेट त्याच्या दुकानात गेले आणि सर्वांसमक्ष त्यांनी आइस्क्रीम खाल्ले. बहिष्कार तिथेच संपला.

१९७४ साली त्यांनी 'वंचितांची चळवळ' उभारली. ग्रेग्वार हद्दाद हे ख्रिस्ती आर्चबिशप या कामात त्यांचे सहकारी होते. एप्रिल १९७५ मध्ये लेबनॉनमध्ये यादवी युद्धाचा भडका उडाला. रक्तपात थांबावा म्हणून सद्र जूनमध्ये बैरुतच्या एका मशिदीत उपोषणाला बसले.

पण जुलैच्या सुरुवातीलाच बेका खोऱ्यातल्या एका प्रशिक्षण शिबिरात स्फोट झाला. अनेक तरुण मृत्युमुखी पडले. फतहच्या मदतीने त्यांना शस्त्रांचे शिक्षण दिले जात होते. हे तरुण आपल्याच चळवळीच्या सशस्त्र शाखेचे आहेत, हे सद्र यांना मग जाहीर करावे लागले. त्या शाखेचे नाव होते 'अमल'. उपोषणाला बसलेल्या माणसाच्या संघटनेचे हे दुसरे रूप जगाला असे एका स्फोटातून कळले. आपल्या लोकांचे रक्षण दुसरे कोणी करणार नाही, ही भीती त्यामागे होती. यादवीत सापडलेल्या प्रत्येक गटाला तेव्हा हेच वाटत होते.

ऑगस्ट १९७८ मध्ये सद्र दोन सहकाऱ्यांसह लिबियाच्या भेटीवर गेले. ३१ ऑगस्टनंतर तिघेही कोणाला दिसले नाहीत. ते रोमला रवाना झाले, असे गद्दाफींच्या सरकारने सांगितले. इटलीने ते नाकारले. २०११ मध्ये गद्दाफींची राजवट कोसळली, ते स्वतः मारले गेले, तरीही कोडे सुटले नाही. लेबनॉनमध्ये दरवर्षी ३१ ऑगस्टला सद्र यांचे स्मरण केले जाते. ते परततील, अशी आशा त्यांच्या अनुयायांनी वर्षानुवर्षे बाळगली.

आशेच्या हाती बंदूक

संस्थापक गेला, नाव उरले. १९८० पासून नबीह बेर्री यांच्या नेतृत्वाखाली अमल यादवीतली एक बलाढ्य फौज बनली. मे १९८५ मध्ये अमलच्या सैनिकांनी बैरुतमधल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांना वेढा घातला. ज्या फतहने दहा वर्षांपूर्वी अमलच्या तरुणांना बंदूक धरायला शिकवली, त्याच पॅलेस्टिनींवर त्या बंदुका रोखल्या गेल्या. शतिला आणि बुर्ज अल-बराजने या छावण्यांत अन्नपाणी, औषधे तुटली. हा संघर्ष अधूनमधून थांबत वर्षानुवर्षे चालला. पुढे याच अमलची शियांच्याच 'हिजबुल्ला'शी जुंपली. छावणीत अडकलेल्या आईला 'अमल आली' हे शब्द ऐकून काय वाटले असेल? तिच्याच मुलीचे नाव कदाचित अमल असेल!

यादवी १९९० मध्ये संपली. अमल राजकीय पक्ष म्हणून संसदेत स्थिरावली. बेर्री १९९२ मध्ये संसदेचे अध्यक्ष झाले आणि तीन दशकांहून अधिक काळ त्या पदावर राहिले. ज्यांच्यासाठी हे नाव घेतले होते, त्या वंचितांपैकी पुष्कळजण मात्र वंचितच राहिले.

सद्र बेपत्ता झाले त्याच १९७८ साली बैरुतमध्ये एका मुलीचा जन्म झाला होता. तिचे नाव अमल अलमुद्दीन. यादवीमुळे कुटुंब ब्रिटनला गेले. लग्नानंतर अमल क्लूनी या नावाने ओळखली जाणारी ही वकील पुढे याझिदी तरुणी नादिया मुराद हिची बाजू जगापुढे मांडायला उभी राहिली. इस्लामिक स्टेटच्या गुलामीतून सुटलेल्या नादियाला २०१८ चा शांततेचा नोबेल पुरस्कार विभागून मिळाला.

मंगळापर्यंत

संयुक्त अरब अमिरातीने आपल्या मंगळयानासाठी हेच नाव निवडले - 'अल-अमल'. जुलै २०२० मध्ये जपानमधल्या तानेगाशिमा तळावरून ते सुटले आणि ९ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले. अमिरातीच्या स्थापनेचे ते पन्नासावे वर्ष होते. अरब जगातली ही पहिलीच ग्रहमोहीम. भारताचे यान २०१४ मध्येच मंगळाच्या कक्षेत पोहोचले होते. मंगळाच्या वातावरणाचा अभ्यास हा अल-अमलचा हेतू होता. युद्ध आणि निर्वासितांच्या बातम्यांतूनच ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशातल्या मुलांना विज्ञानाची ओढ लागावी, हाही होता.

साडेतीन मीटरची मुलगी

त्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, तुर्कस्तानातल्या गाझियानटेपहून आणखी एक अमल निघाली. ही होती नऊ वर्षांच्या सीरियन निर्वासित मुलीची साडेतीन मीटर उंच बाहुली. दक्षिण आफ्रिकेतल्या हँडस्प्रिंग या बाहुली-कलाकारांच्या चमूने ती घडवली. आत एक कलाकार उंच काठ्यांवर चालतो, दोघे तिचे हात हलवतात. आई हरवली आहे आणि ती तिला शोधते आहे, एवढीच तिची कथा.

सुमारे ८,००० किलोमीटरच्या वाटेवर मुले तिचे बोट धरायला धावली. व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस तिला भेटले. ग्रीसमधल्या लारिसा शहरात मात्र तिच्यावर दगड फेकले गेले. लाकडाकाठ्यांच्या बाहुलीवर दगड! पण ते बाहुलीवर नव्हतेच. तिच्यामागून येऊ पाहणाऱ्या खऱ्या मुलांवर होते. नोव्हेंबरमध्ये ती इंग्लंडच्या मँचेस्टरला पोहोचली, पुढल्या वर्षी युद्धग्रस्त युक्रेनमधून बाहेर पडलेल्या मुलांना भेटायला गेली.

चार अमल, चार वाटा. शब्दाने कोणालाच अडवले नाही आणि कोणाची जबाबदारीही घेतली नाही. आशा या नावाने वेढाही पडला आणि आशा या नावाने लहानग्यांचे हातही धरले गेले. निवाडा करायचा तर तो नावावरून करता येत नाही. त्यासाठी तो दुसरा, ऐन अक्षराचा अमल पाहावा लागतो - केलेले काम. सूरजवळची ती शाळा या दुसऱ्या अमलातूनच उभी राहिली होती. आशेला अंमलबजावणीची जोड लागते, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.