दुरुस्त इंजिनाचं ऑइल दुधाळ झालं तर?



कतारगामच्या आमच्या एका सभासदाचं डिझेल इंजिन दुरुस्त होऊन आलं. तापीत दोन फेऱ्या झाल्या आणि ऑइल दुधाच्या चहासारखं दिसायला लागलं. म्हणजे आत पाणी शिरलं, बहुधा हेड गॅस्केट नीट बसलेलं नाही. अशा वेळी इंजिन लगेच बंद करा. तसंच रेटलं तर बेअरिंग जातात, आणि मिस्त्री म्हणायला मोकळा की तुम्हीच बिघडवलं!

दुसऱ्याकडे उघडण्याआधी पहिल्या मिस्त्रीला व्हॉट्सॲपवर फोटोसह कळवा. नाहीच आला, तर दुसऱ्याकडून दोष लेखी घ्या. काढलेले भाग जपून ठेवा.

पैसे अडवायचे का? इंजिन दुकानात असेल तर आम्ही नको म्हणू. करार कायदा 1872, कलम 170 प्रमाणे मजुरी मिळेपर्यंत कारागीर वस्तू ठेवून घेऊ शकतो. काम ठरल्याप्रमाणे झालेलं असावं लागतं खरं, पण तो वाद मिटेपर्यंत आपली बोट काठावरच. पैसे द्या, बिलावर "काम मान्य नाही" असं लिहा.

मग 1915 वर तक्रार, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. दुकानदार म्हणेल, बोट धंद्याची, तुम्ही ग्राहक कसले? पण 2019 च्या कायद्यात, स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू धंद्याची धरत नाहीत. तिथे शब्द 'वस्तू' आहे, म्हणून पक्क्या बिलात सुटे भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या.

कागद घेऊन सोसायटीत या, अर्ज मिळून लिहू.