पाऊण मात्रेचा उशीर

संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरमध्ये डिले, रिव्हर्ब, डबलिंग असे वेगवेगळे कप्पे दिसतात आणि नवखा माणूस ते मसाल्याच्या डब्यासारखे वापरतो: याची चिमूट, त्याची चिमूट. माझ्या मते हे कप्पे दिशाभूल करतात. या सगळ्यांचा कच्चा माल एकच, उशीर. तो किती मिलिसेकंदांचा आणि किती पदरी, यावर नाव ठरते. १९८०च्या दशकातल्या आयरिश ध्वनिमुद्रणांत हे लख्ख ऐकू येते.

डब्लिनच्या 'यू टू' या बँडचा गिटारवादक 'द एज' याची गाजलेली युक्ती आपल्या तालाच्या हिशेबात चटकन उमगते. लय मिनिटाला १२० मात्रांची धरली, तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. हात दुगुनीत चालतो, म्हणजे दर २५० मिलिसेकंदांना एक स्वर. डिलेचे यंत्र प्रत्येक स्वर ३७५ मिलिसेकंदांनी, पाऊण मात्रेने, परत देते. तो दोन स्वरांच्या बरोबर मधोमध पडतो आणि ऐकणाऱ्याला चौगुन ऐकू येते. मग वाजवले यंत्रानेच, असा आक्षेप येतो. पण यंत्र लयीला चिकटून असते. हात जरा घसरला की सगळी वीण विस्कटते. इथे वादकाला सवलत नाही, उलट जाचच आहे.

१९८४ साली हाच बँड 'द अनफरगेटेबल फायर'साठी ब्रायन ईनो आणि डॅनियल लान्वा या निर्मात्यांसह मीथ परगण्यातल्या स्लेन कॅसलमध्ये गेला. तिथल्यासारख्या मोठ्या दालनात १७ मीटरवरच्या भिंतीवरून आवाज सुमारे १०० मिलिसेकंदांनी परततो. असे असंख्य परतावे एकमेकांत मिसळले की रिव्हर्ब.

एन्याचा १९८८चा 'वॉटरमार्क' हा अल्बम त्याहून बोलका. निर्माते निकी रायन यांच्यासोबत तिने स्वतःच्याच गळ्याचे थरावर थर चढवले, प्रत्येक थर नव्याने गाऊन. एकदाच गाऊन कॉपी-पेस्ट का नाही? कारण तंतोतंत सारख्या दोन प्रती एकत्र वाजवल्या तर आवाज फक्त सहा डेसिबलने वाढतो, गाणारा एकच राहतो. वृंद उभा राहतो तो दर खेपेच्या किंचित मागेपुढे होण्यातून आणि सुराच्या केसभर फरकातून.

इक्वलायझर आणि कॉम्प्रेसर यात कुठे बसतात, हा आक्षेप वजनदार आहे. पण डिजिटल इक्वलायझर आतून हेच करतो: आताच्या नमुन्यात आधीचे नमुने मोजून मिसळतो. सीडीच्या दर्जात लागोपाठच्या दोन नमुन्यांमधले अंतर सेकंदाचा ४४,१००वा भाग असते. कॉम्प्रेसरचा मुख्य धंदा आवाजाची पातळी आवरणे हा. तो या सूत्रात पुरता बसत नाही, हे मान्य. तरी त्याचे अटॅक आणि रिलीज, म्हणजे आवाज आवरायला आणि सोडायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांतच मोजतात.

म्हणून नवे प्लगइन विकत घेण्याआधी गाण्याची लय मोजा. ६०,०००ला मिनिटाच्या मात्रांनी भागले की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. डिलेचा आकडा त्यावरून लावा.