बँका, खातेदार आणि शुल्क : परत आलेल्या पैशाची नोंद

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद कशी मागावी हा विषय या आठवड्यात घेण्याचे मी कबूल केले होते. परंतु अकोल्याच्या एका वाचक भगिनींनी पाठविलेला प्रश्न इतका मार्मिक आहे की लोकपालास तूर्त थांबविणेच मला इष्ट वाटते. त्यांच्याकडे स्वयंपाकास येणाऱ्या बाईंच्या जनधन खात्यात २०२१ साली ५३ रुपये १० पैसे जमा झाले. सरकारी अनुदान असावे अशी बाईंची समजूत झाली, पण असले विषम अनुदान कोणते, असे त्या भगिनी विचारतात.

उत्तर आकड्यातच आहे. ५३ रुपये १० पैसे म्हणजे तीन वेळा १७ रुपये ७० पैसे. आणि १७ रुपये ७० पैसे म्हणजे शुल्काचे १५ रुपये व त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कराचे २ रुपये ७० पैसे. जनधनसारख्या मूलभूत बचत खात्यातून महिन्यात चारांहून अधिक वेळा रक्कम काढल्यास स्टेट बँक दर वेळी हा आकार घेत असे, व त्या मोजणीत यूपीआय आणि रुपे कार्डाने दिलेले पैसेही धरले जात. पवईच्या आय. आय. टी.तील प्राध्यापक आशिष दास यांनी या वसुलीचा चिकाटीने पाठपुरावा केला. पुढे ३० ऑगस्ट २०२० रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून, १ जानेवारी २०२० पासून अशा विहित साधनांवर घेतलेले शुल्क त्वरित परत करण्यास बँकांना सांगितले. बाईंच्या पासबुकात असा आकार चार वेळा नावे पडलेला आहे. त्यांपैकी पहिली नोंद डिसेंबर २०१९ची, म्हणून ती मुदतीबाहेर राहिली. पैसे तेच, खातेदार तीच, साधनही तेच. केवळ तारखेने तिचा हक्क गेला, हे मला न्याय्य वाटत नाही.

आता परताव्याची रीत पाहू. आकारलेले शुल्क बँकेच्या उत्पन्न खाती जमा होते. ते परत करताना तेच उत्पन्न खाते नावे टाकून खातेदाराच्या खाती रक्कम जमा करावी लागते, आणि सरकारजमा केलेला कर बँकेस पुढील विवरणपत्रात वळता करून घेता येतो. म्हणून १५ रुपये आले व २ रुपये ७० पैसे आले नाहीत, तर ते निःसंकोच मागावेत. परतावा मोठ्या संख्येने द्यावयाचा असता मध्यवर्ती कार्यालयाचे संगणक हजारो खात्यांत तो एकदम उतरवितात, आणि नेमक्या अशाच वेळी पासबुकातील तपशील तुटक राहतो. माझा आग्रह असा की, कोणत्या तारखेची कोणती नोंद या जमेने रद्द झाली, हे त्या ओळीत लिहिलेले असलेच पाहिजे. एरवी स्वयंपाकीण बाईंनी हिशेब रुजू करून पाहावा तरी कसा?

परताव्यास लागणाऱ्या विलंबाचीही तीच गत. एटीएममधून नोटा न निघता खात्यातून रक्कम वजा झाली, तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकान्वये ती पाच दिवसांत आपोआप परत यावी लागते, आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसास १०० रुपये, खातेदाराने अर्ज न करताही, द्यावे लागतात. चुकीच्या शुल्काच्या परताव्यास असा रोजचा दर त्या परिपत्रकात नाही. त्यामुळे शाखेकडे अर्ज देताना मूळ नोंदीची तारीख, रक्कम व कर वेगवेगळे लिहावेत आणि पोच शिक्क्यासह घ्यावी; लोकपालाकडे जाण्यापूर्वीची ३० दिवसांची मुदत, बँकेचे उत्तर न आल्यास, त्या अर्जापासूनच मोजली जाते. त्या दाराचे वर्णन पुढील आठवड्यात.