तान्ह्या बाळाची रात्र आणि घराची जबाबदारी

तान्हे बाळ रात्री झोपत नाही, या तक्रारीचा विचार करताना प्रथम हे ध्यानात घ्यावे लागते की बाळाची एकूण झोप बहुधा कमी नसते. ती मोठ्यांच्या सोयीप्रमाणे दिवस आणि रात्र यांत वाटली गेलेली नसते, एवढेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या मार्गदर्शनानुसार जन्मापासून तीन महिन्यांपर्यंत चोवीस तासांत १४ ते १७ तास आणि चार ते अकरा महिन्यांच्या वयात १२ ते १६ तास झोप आवश्यक असते. नवजात बाळ ही झोप दोन-तीन तासांच्या तुकड्यांनी घेते आणि त्यांपैकी मोठे तुकडे रात्री यावेत याची व्यवस्था पाहणारी यंत्रणा त्याच्या शरीरात अजून पुरती कामाला लागलेली नसते.

ही यंत्रणा म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेला पेशींचा एक लहानसा पुंजका होय. डोळ्यांवाटे पोचणाऱ्या उजेडावरून तो दिवस-रात्रीचा हिशेब ठेवतो आणि अंधार पडल्यावर त्याच्याच नियंत्रणाखाली मेलाटोनिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून फिरून शरीराला निरोप पोचवणारे द्रव्य, स्रवू लागते. गर्भावस्थेत आईचे मेलाटोनिन वारेतून बाळाला मिळत असते. जन्मानंतर तो पुरवठा थांबतो, आणि बाळाचे स्वतःचे मेलाटोनिन ठरावीक लयीत स्रवू लागण्यास साधारण दोन ते तीन महिने जातात. मधल्या काळात आईच्या रात्रीच्या दुधातून थोडेफार मेलाटोनिन त्याच्यापर्यंत पोचते, म्हणून रात्रीचे अंगावरचे पाजणे हा झोपेतला अडथळा समजणे योग्य नाही. बाळाने दिवसाची रात्र केली आहे, असे घरोघरी ज्या दिवसांबद्दल म्हटले जाते, ते हेच दिवस.

या बाबतीत महाराष्ट्रातील एक जुनी रीत बदलण्यासारखी आहे. वारा लागू नये म्हणून बाळंतिणीची खोली दारे-खिडक्या लावून दिवसाही अंधारी ठेवली जाते, आणि रात्री मात्र पाजण्यासाठी व दुपटी बदलण्यासाठी तिथे लख्ख दिवा लागतो; अशा खोलीत बाळाच्या मेंदूला दिवस कुठला आणि रात्र कुठली हे कळण्यास आधारच उरत नाही. सकाळी खिडकी उघडून बाळाला उजेडात आणणे, दिवसा घरातील नेहमीचे आवाज चालू देणे, आणि रात्री मंद प्रकाशात, फारसे न बोलता-खेळवता पाजून पुन्हा खाली ठेवणे, हे उपाय बिनखर्चाचे आहेत. त्यांचा परिणाम एका रात्रीत न दिसता काही आठवड्यांनी दिसतो.

शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ साली झोपेतील एका विशिष्ट अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले, जिच्यात मिटलेल्या पापण्यांआड बुबुळे वेगाने हलतात. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप या अवस्थेत जाते, तर प्रौढांची पाचवा ते चौथा हिस्सा. या वेळी बाळ तोंड वेडेवाकडे करते, कण्हते, हातपाय झाडते, मध्येच हसते. सटवाई हसवते असे जुन्या बायका म्हणत, ते याच झोपेविषयी. पुष्कळदा बाळ जागे झाले असे समजून त्याला तत्काळ उचलले जाते आणि त्यामुळेच ते खरोखर जागे होते, तेव्हा अशा हालचाली दिसल्यावर थोडे थांबून पाहावे. शिवाय बाळाच्या झोपेचे एक आवर्तन सुमारे ५० ते ६० मिनिटांचे असून प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी ते अर्धवट जागे होते. झोळीच्या झोक्यावर किंवा मांडीवर झोपलेल्या बाळाला त्या क्षणी झोका वा मांडी सापडली नाही, तर ते रडून तिची मागणी करते. पहिले काही महिने सरल्यावर अधूनमधून बाळाला पेंगुळलेले पण जागे असतानाच अंथरुणावर ठेवून थोपटावे, असे सांगितले जाते ते यासाठी. तरीही सहा महिन्यांची, किंबहुना वर्षाची झालेली अनेक निरोगी बाळे रात्री उठतातच.

जागरणाने थकलेले घर औषधाकडे वळते, हा अनुभव जुना आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विकले जाणारे मिसेस विन्स्लो यांचे ‘सूदिंग सिरप’ प्रत्यक्षात अफूपासून काढलेल्या मॉर्फिनचे मिश्रण होते. मुंबईत गिरणीत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देत, कारण पाळीच्या तासांत मूल निजून राहिले नाही तर ते सांभाळणार कोण, या प्रश्नाला दुसरे उत्तर नव्हते. श्रमविषयक शाही आयोगाच्या १९३१ सालच्या अहवालानेही या प्रथेची नोंद घेतली. दोष केवळ त्या मातांच्या अज्ञानाचा होता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आज अफू गेली, पण बाळ निजावे म्हणून गुटीत जायफळाचे चार वेढे जास्त उगाळणे किंवा पेंग आणणारे सर्दीचे औषध पाजणे चालूच आहे. जायफळातील द्रव्ये मज्जासंस्थेवर परिणाम करतात आणि अतिमात्रेने विषबाधा होऊ शकते. तसेच बाळ सहा महिन्यांचे होण्यापूर्वी संध्याकाळी पेज भरवल्याने झोप फारशी लांबत नाही. सुन्न होऊन पडलेले मूल झोपलेले नसते.

बाळाला दर वेळी उताणे, सपाट आणि घट्ट अंथरुणावर निजवावे. मोहरीच्या उशीसह कोणतीही उशी, मऊ गादी वा सैल पांघरूण जवळ ठेवू नये. तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, दूध न ओढणे, लघवी कमी होणे, श्वासाला कष्ट पडणे किंवा अंग ढिले पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास तो झोपेचा प्रश्न न मानता तातडीने डॉक्टर गाठावा. रडण्याने मोठ्यांचा तोल जाऊ लागला, तर बाळाला सुरक्षित जागी उताणे ठेवून काही मिनिटे खोलीबाहेर जाणे रास्त आहे, परंतु त्याला गदागदा हलवणे मेंदूत रक्तस्राव घडवून जीवघेणे ठरू शकते.

बाळाचे जागरण काही महिन्यांचे असते आणि ते टाळता येत नाही. ते एकट्या आईने सोसावे, हा मात्र निसर्गाचा नियम नव्हे. पाजून झाल्यावर ढेकर काढणे, दुपटे बदलणे, खांद्यावर घेऊन फिरवणे ही कामे वडील, आजी, आजोबा यांपैकी कोणीही करू शकते, आणि त्यामुळे आईला अधिक झोप मिळू शकते. बाळ निजल्यावरही जिला झोप येत नाही, जिचे रडू थांबत नाही किंवा जिच्या मनात स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येतात, त्या आईला बाळंतपणानंतरचे नैराश्य आलेले असू शकते. असे दिसताच घरच्यांनी तिला एकटे न सोडता डॉक्टरांकडे न्यावे, किंवा केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही विनामूल्य फोन करावा.