वाटसरू आणि शिक्का

६ ऑक्टोबर १९७३. टेड सायमन नावाच्या पत्रकाराने लंडनमध्ये पाचशे सीसीच्या ट्रायम्फ मोटरसायकलवर सामान बांधले आणि जगाच्या प्रदक्षिणेला निघण्यासाठी किक मारली. त्याच दिवशी इजिप्त आणि सीरियाच्या फौजांनी सिनाई आणि गोलानमध्ये हल्ला चढवला. ज्यूंचा तो योम किप्पूरच्या उपवासाचा दिवस होता आणि इजिप्तमध्ये रमजानचा दहावा रोजा. एकाच लढाईला म्हणून दोन नावे पडली : तिकडे योम किप्पूर युद्ध, इकडे रमजान युद्ध. सायमनची वाट नेमकी ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त अशी होती.

तरीही तो गेला. चार वर्षे फिरला. ब्राझीलमध्ये संशयावरून तुरुंगातही राहिला. शेवटी भारतातून परतताना पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान असा सगळा टप्पा त्याने मोटरसायकलवरच पार केला. त्या काळी युरोपातले शेकडो तरुण बसने, जुन्या गाड्यांनी याच वाटेने भारतात येत. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्ष संपता संपता सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ही वाट मोडली.

आज रस्ते तेव्हापेक्षा चांगले आहेत, मोटरसायकली दणकट आहेत, नकाशा मोबाइलमध्ये आहे. युरोपातून भारताकडे निघालेल्याचा खोळंबा होतो तो कागदावर.

पहिला कागद गाडीचा. त्याला ‘कार्ने’ म्हणतात. मोटरसायकल परदेशात नेऊन विकणार नाही, परत बाहेर काढीन, याची ती हमी. त्यासाठी मोटार संघटनेकडे अनामत किंवा बँक हमी ठेवावी लागते. मुंबईची, १९१९ मध्ये स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन भारतीय गाड्यांना हा कागद देते. देशात शिरताना एक शिक्का, बाहेर पडताना दुसरा. दुसरा शिक्का नसला की अनामत धोक्यात. मधेच सीमा बंद झाली तर स्वार विमानाचे तिकीट काढून घरी जाईल. पण मोटरसायकलीला तसे सुटता येत नाही आणि तिच्याबरोबर त्याचे पैसेही अडकतात.

दुसरा कागद माणसाचा, आणि इथे पासपोर्टचा रंग बोलू लागतो. जर्मन माणसाला इराणचा व्हिसा तुलनेने सरळ मिळे. ब्रिटिश, अमेरिकन आणि कॅनेडियन नागरिकांना मात्र अधिकृत गाइड घेतल्याशिवाय आणि मुक्कामाचा आराखडा आधी मंजूर करून घेतल्याशिवाय इराणात फिरता येत नाही. मोटरसायकलवाल्याच्या बाबतीत याचा अर्थ असा, की त्याच्या पुढे किंवा मागे रोज गाइडची गाडी आणि तिचा खर्च.

इस्रायलचा शिक्का असेल तर इराण दार उघडत नाही. इस्रायलने २०१३ पासून पासपोर्टवर शिक्का मारणे थांबवले, वेगळी चिठ्ठी द्यायला सुरुवात केली. पण जमिनीने ये-जा करणाऱ्याच्या पासपोर्टवर शेजारच्या इजिप्तचा किंवा जॉर्डनचा शिक्का उमटतोच, आणि तो कुठल्या नाक्यावरचा हे इराणी अधिकारी चटकन ओळखतो. उलट बाजूलाही तेच. मार्च २०११ नंतर इराणला जाऊन आलेल्या युरोपीय माणसाला व्हिसाशिवाय अमेरिकेत जाण्याची सवलत मिळत नाही. दोन देशांचे भांडण तिसऱ्याच देशातल्या माणसाच्या खिशात येऊन बसते ते असे.

इराण ओलांडून तफ्तानला पाकिस्तानात शिरले की बलुचिस्तानचे वाळवंट लागते. क्वेट्टा तिथून सहाशे किलोमीटरहून लांब. पाकिस्तानने २०१९ मध्ये ऑनलाइन व्हिसा सुरू केला, २०२४ मध्ये १२६ देशांच्या नागरिकांची फीही माफ केली. या भागात मात्र परदेशी माणसाला एकट्याने जाऊ देत नाहीत. बंदूकधारी सोबत येतात. दर चौकीवर वहीत नाव, पासपोर्ट क्रमांक लिहायचा. पुढची तुकडी येईपर्यंत थांबायचे. रात्र चौकीत काढायची. क्वेट्ट्यात ना-हरकत दाखल्यासाठी पुन्हा थांबणे, तेही बहुधा हॉटेलात बसून. व्हिसाचे दिवस मात्र थांबत नाहीत, ते उलटत राहतात.

हे सगळे पार करून लाहोरला पोहोचलेल्याला समोर अमृतसर दिसू लागते. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. भारताचा ई-व्हिसा वर्षानुवर्षे या नाक्यावर चालत नसे, दूतावासातून कागदी व्हिसाच आणावा लागे. तो आणला की वाघा-अटारीचे फाटक उघडे होते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला अतिरेक्यांनी २६ जणांचा जीव घेतला. दुसऱ्याच दिवशी भारताने अटारीचा नाका बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, मग पाकिस्ताननेही वाघा बंद केला. जी घरे उद्ध्वस्त झाली त्यांच्या दुःखापुढे कुणा हौशी प्रवाशाची अडचण ती काय! पण त्या फाटकाबरोबर युरोप ते भारत हा शेवटचा वाहता रस्ताही बंद झाला, हेही खरे.

भारतीय स्वाराची गोष्ट तर याहून अवघड. युरोपातल्या माणसाला निदान लाहोरपर्यंत येता येते. भारतीय माणसाला पाकिस्तानचा व्हिसा मिळालाच तर ठरावीक शहरांपुरता, बहुधा पोलिसांत हजेरी लावण्याच्या अटीवर. इराणने फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीय पर्यटकांना पंधरा दिवसांसाठी व्हिसा माफ केला, पण फक्त विमानाने येणाऱ्यांना. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती सवलतही स्थगित झाली. पूर्वेला म्यानमारमध्ये २०२१ च्या लष्करी बंडानंतर यादवी पेटलेली. उरला उत्तरेचा रस्ता : नेपाळमार्गे तिबेट आणि चीन. तिथे चिनी गाइड, स्थानिक परवाना आणि मोठा खर्च. मे २०२५ मध्ये मुंबईहून निघालेला एक मोटरसायकलस्वार याच वाटेने ब्रिटनपर्यंत पोहोचला. नकाशात भारत आशियाला जोडलेला आहे. मोटरसायकलवाल्याला तो जवळजवळ बेटासारखा आहे.

आणि सगळे कागद हातात असले म्हणजे निर्धास्त राहावे, असेही नाही. डिसेंबर २०२४ च्या शेवटी एक ब्रिटिश दाम्पत्य जगप्रवासात मोटरसायकलवरून आर्मेनियातून इराणात आले. चार-पाच दिवसांत त्यांना पाकिस्तानात शिरायचे होते. त्यांच्याजवळ व्हिसा होता, गाइड होता, मंजूर आराखडा होता, असे कुटुंबीय सांगतात. जानेवारीत त्यांना अटक झाली आणि पुढे हेरगिरीचा आरोप ठेवण्यात आला. त्यांनी तो नाकारला आहे. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याने इराणला जाऊ नका असे आधीच बजावले होते. सरकारे एकमेकांशी बोलेनाशी झाली की साधा प्रवासीही ओलीस ठरू शकतो, ही भीती तेव्हापासून या वाटेवरच्या प्रत्येकाच्या मनात आहे.

सरकारांचीही बाजू आहे. हेर प्रवाशाच्या वेशात येतात, शस्त्रे आणि अमली पदार्थ सामानातून जातात, बलुचिस्तानात परदेशी माणसाचे अपहरण झाले तर उत्तर सरकारला द्यावे लागते. तपासणी हवीच. पण तपासणी म्हणजे माणूस पाहणे. नुसता पासपोर्टचा रंग पाहून निकाल देणे सोपे असते, आणि त्यात खरा गुन्हेगार सापडतोच असे नाही.

याच वाटेवर एके काळी दिवसाच्या चालीवर एकेक सराई होती. इराणातल्या अशा ५४ कारवाँसराया २०२३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या. शेरशाह सूरीने आपल्या रस्त्यावर सराया बांधल्या. हिंदू आणि मुसलमान वाटसरूंसाठी तिथे वेगवेगळी सोय असे. अटारीचे फाटक आज त्याच जुन्या हमरस्त्यावर उभे आहे.

रमजानच्या महिन्यात आजाऱ्याला आणि मुसाफिराला रोज्याची सवलत आहे. राहिलेले रोजे नंतर पुरे करायचे. जकात ज्यांना द्यावी अशा आठ प्रकारच्या लोकांत अडलेला वाटसरूही आहे. तो कुठल्या देशाचा, हे आधी विचारावे असे तिथे म्हटलेले नाही. कराचीत रोजा सोडायच्या वेळी सिग्नलवर उभी असलेली पोरे थांबलेल्या गाड्यांच्या खिडकीतून खजूर आणि पाणी देतात. हेल्मेट घातलेल्या परक्यालाही देतात. त्याच्या खिशातल्या पासपोर्टचा रंग त्यांना दिसत नाही, आणि बघायचाही नसतो.