पंडिता रमाबाई आणि बिशपांची हरकत

आपल्या कन्नड तालुक्यातील देवगाव (रंगारी) हे संत बहिणाबाईंचे जन्मगाव. कथाकीर्तनाच्या ओढीपायी नवऱ्याच्या हातचा मार खाल्लेली ही बाई पुढे तुकोबांची शिष्या म्हणून ओळखली गेली. धर्माच्या ठिकाणी स्त्रीने ऐकावे हे ठीक, पण तिने बोलावे काय? हा प्रश्न कोणा एका धर्माचा मक्ता नव्हे. ख्रिस्ती चर्चमध्ये तो कसा उभा राहिला हे पाहायचे, तर पंडिता रमाबाईंचे उदाहरण डोळ्यांसमोर येते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने लेकीला. हे कुटुंब तीर्थक्षेत्री पुराणे सांगत हिंडे. तेव्हा चारचौघांत बसून शास्त्र सांगणे रमाबाईंच्या अंगवळणी पडलेले होते. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हटले ते उगीच नव्हे.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या व त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात असताना, त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे अशी कल्पना निघाली. त्यावर मुंबई व लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. का, तर त्यामुळे हिंदुस्थानात रमाबाईंच्या कामाला बाध येईल! रमाबाईंना याचे नवल वाटले. आईने आणि आपण तरुणांना शिकविले, त्याला ना वडिलांनी आडकाठी केली, ना पतीने. मग या इंग्रज मंडळींना कसली अडचण, असे त्यांनी लिहून कळविले. भटभिक्षुकांचे जू झुगारले ते दुसऱ्या धर्माधिकाऱ्यांचे मानेवर घेण्यासाठी नव्हे, हेही स्पष्ट सांगितले.

बिशपांना लोकापवादाचा धाक होता. एरवी मात्र स्त्रीला गप्प बसविणाऱ्यांचा आधार म्हणजे संत पौलाची पत्रे. करिंथकरांस पहिल्या पत्रातील १४ वा अध्याय स्त्रियांना मंडळीत मौन सांगतो खरा. पण त्याच पत्राचा ११ वा अध्याय स्त्रिया प्रार्थना करतात, संदेश देतात हे गृहीत धरून फक्त मस्तक झाकण्याविषयी बोलतो. रोमकरांस पत्राच्या शेवटी फीबी नावाच्या स्त्रीची शिफारस आहे. मूळ ग्रीकात तिच्यासाठी जो शब्द आहे, तोच पुढे चर्चमधील ‘डीकन’ या हुद्द्याचे नाव झाला. विरोधक हे भाग सहसा वाचून दाखवीत नाहीत!

रमाबाईंनी वाद घालत बसण्यापेक्षा केडगावला ‘मुक्ती’ उभी केली. १९०५ च्या प्रार्थना-जागृतीत तेथे शेकडो मुली-बायका मोठ्याने प्रार्थना करीत. त्यांची पथके गावोगाव उपदेशाला जात. हिब्रू व ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्याचे कामही रमाबाईंनी केले. १९२२ साली त्या निवर्तल्या आणि ते बायबल १९२४ साली बाहेर आले.

पण उपदेश करणे निराळे आणि प्रभुभोजनाची भाकर मोडण्याचा अधिकार निराळा. रमाबाईंना पाळकाची दीक्षा कधीच मिळाली नाही. १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या उत्तर भारतीय मंडळीत आज स्त्रिया पाळक आहेत, आणि दक्षिण भारतीय मंडळीत २०१३ साली पुष्पा ललिता बिशप झाल्या. कॅथलिक चर्चने मात्र १९९४ साली स्त्रियांना धर्मगुरुपद नाही, असे पुन्हा ठासून सांगितले. वाचक व वेदीसेवक ही पदे त्यांच्यासाठी औपचारिकपणे खुली झाली ती २०२१ साली. प्रत्यक्षात वेदीजवळ उभे राहून शास्त्रवाचन बायका कितीतरी आधीपासून करीतच होत्या.