सहावं घर

खंडेनवमीला भोकरमध्ये घरोघर पाट मांडतात. विळा, कुऱ्हाड, पहार, नांगराचा फाळ, आणि आता त्यांच्या शेजारी मोटारसायकलचे पानेही. काही वर्षांपूर्वी एका परिचितांच्या घरी त्या पाटावर, झेंडूच्या फुलांत, एक रिव्हॉल्व्हर ठेवलं होतं. परवान्याचं, 0.32 बोअरचं. "खालीच हाय ते," यजमान म्हणाले. आमच्याकडं रिकाम्याला खाली म्हणतात. पूजेला आलेले एक काका सैन्यातून निवृत्त झालेले. ते काही न बोलता उठले, नळी जाड दगडी भिंतीकडं धरली, अंगठ्यानं खटका दाबला आणि रिव्हॉल्व्हर मधोमध मोडून उघडलं. सहा घरांपैकी एका घरात पितळेची चकती चमकली.

पाटाभोवती तीन लेकरं बसली होती.

यजमान खोटं बोलले नव्हते. गेल्या खेपेला रिकामं केलेलं त्यांना पक्कं आठवत होतं. पण हत्यार रिकामं आहे की नाही हे आठवायचं नसतं, प्रत्येक वेळी उघडून बघायचं असतं. रिव्हॉल्व्हरच्या साऱ्या जातींत ही गोष्ट सगळ्यात कडकपणे शिकवणारं यंत्र म्हणजे सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर.

रिव्हॉल्व्हर जवळून पाहिलेली माणसं आमच्या भागात थोडी, पण ठासणीच्या बंदुकीच्या गोष्टी ऐकलेली पुष्कळ. किनवटच्या जंगलाकडं जावं तशी रानडुकरं वाढत जातात आणि जुन्या राखणीच्या गोष्टीत ही बंदूक हटकून येते. नळीत दारू ठासायची, चिंधी, छर्रे, मग टोपी बसवायची आणि अंगठ्यानं घोडा मागं ओढायचा. घोडा आपण ओढल्याशिवाय चाप कितीही दाबा, बार होत नाही. सिंगल ॲक्शनचा अर्थ एवढाच. चापाला काम एकच, ओढून ठेवलेला घोडा सोडायचं.

सॅम्युअल कोल्टनं 1836 साली अमेरिकेत पेटंट घेतलं ते याच घोड्याला फिरतं चक्र जोडण्याचं. अंगठ्यानं घोडा मागं ओढला की तीन गोष्टी एकदम होतात: चक्र एक घर पुढं सरकतं, नळीसमोर येऊन पक्कं बसतं आणि आतली कमान ताणली जाते. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात कोल्टची रिव्हॉल्व्हरं मांडली होती, तशीच रॉबर्ट ॲडम्स या इंग्रज कारागिराचीही. ॲडम्सच्या हत्यारात चाप ओढला की घोडा आपोआप उठून पडायचा. पुढं दोन्ही रीती एकाच हत्यारात आल्या. आपल्याकडं परवान्यावर मिळणारं 0.32 चं रिव्हॉल्व्हर बहुतेक या दुहेरी जातीचं असतं. नुसता चाप ओढला तर तो लांब आणि जड लागतो, पण आधी अंगठ्यानं घोडा चढवला की तेच हत्यार सिंगल ॲक्शन होतं आणि चाप इतका हलका की घाबरलेल्या बोटालाही पुरे. म्हणून हे जुन्या अमेरिकेचं प्रकरण म्हणून सोडून देता येत नाही.

या जातीचा सगळ्यात नावाजलेला नमुना म्हणजे 1873 साली अमेरिकी सैन्यानं स्वीकारलेलं कोल्ट. घरं सहा, पण जाणकार त्यात पाचच काडतुसं भरतात. घोडा उतरवलेला असताना त्याचं टोक थेट समोरच्या घराच्या तोंडाशी टेकलेलं असतं. त्या घरात काडतूस असेल आणि हत्यार घोड्यावर आपटलं, तर चापाला कुणी हात न लावता बार होतो. घोडा थोडासा मागं ओढला की एक खाच लागते, तिला सेफ्टीची खाच म्हणत. पण ती खाच म्हणजे लोखंडाचा एक इवलासा ओठ, फटक्यानं तुटणारा. तिच्या भरवशावर कुणी राहू नये. खरी सेफ्टी म्हणजे घोड्याखालचं रिकामं घर.

ते रिकामं घर नेमकं घोड्याखाली यावं म्हणून भरण्याचा क्रम ठरलेला आहे. घोडा अर्ध्यावर आणायचा, म्हणजे चक्र मोकळं फिरतं. उजव्या बाजूची झडप उघडायची. एक भरायचं, एक सोडायचं, पुढची चार भरायची. झडप लावायची, घोडा पूर्ण मागं ओढायचा आणि अंगठ्यानं धरून हळूच उतरवायचा. तो रिकाम्या घरावर येतो. क्रम चुकला तर रिकामं घर भलतीकडं जातं, म्हणून बाजूनं डोळ्यांनी खात्री करायची. काढताना पुन्हा झडप उघडून दांडीनं एकेक नळकांडं बाहेर ढकलायचं. घाई या यंत्राला चालत नाही.

मला सर्वांत भीती वाटते ती चढवलेला घोडा उतरवण्याची. चाप दाबायचा आणि त्याच क्षणी घोडा अंगठ्यानं रोखून धरायचा. भोकरच्या मे महिन्यात घामेजलेला अंगठा घसरायला किती वेळ लागतो? त्या वेळी नळी कुठं आहे, एवढंच मग महत्त्वाचं. नेम धरायच्या आधी घोडा चढवायचाच नाही, म्हणजे उतरवायची पाळी क्वचित येते.

आणखी एक, जे चित्रपटात कधी दाखवत नाहीत. चक्र आणि नळी यांच्यात बारीक फट असते. बार होताना तिच्यातून तापलेला वायू आणि शिशाचे कण बाहेर पडतात, म्हणून दुसऱ्या हाताची बोटं चक्राच्या पुढं जाता कामा नयेत. चाप दाबूनही बार झाला नाही तर नळी तशीच समोर धरून अर्धा मिनिट थांबायचं, कधीकधी काडतूस उशिरा पेटतं. आणि बार फुसका वाजला तर पुढची गोळी झाडायचीच नाही, आधीची नळीत अडकलेली असू शकते.

1973 मध्ये रुगर कंपनीनं घोडा आणि टोचणी यांच्यामध्ये एक पट्टी आणली, ट्रान्सफर बार. चाप दाबलेला असेल तरच ती वर येऊन घोड्याचा फटका टोचणीला पोचवते. त्यामुळं पडून बार होण्याचा धोका जवळपास गेला. पण जुनी हत्यारं कपाटांत आहेतच. मुंबईत 1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर हातून निसटून पडलं आणि गोळी त्यांच्या पायात गेली. सुदैवानं जीव वाचला.

2016 च्या शस्त्र नियमांत परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आणि हत्यार कुलपात ठेवणं आलं आहे. 2019 च्या दुरुस्तीनं लग्नात-वरातीत हवेत गोळ्या झाडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. पण कपाट उघडल्यावर हातात काय घेतलं जातं, तिथं कायदा पोचत नाही.

त्या खंडेनवमीला काकांनी ते काडतूस काढून यजमानांच्या तळहातावर ठेवलं आणि कुलपात ठेवून यायला सांगितलं. मग मोडलेलं रिव्हॉल्व्हर खिडकीच्या उजेडाकडं धरून घरं मोजली. एक, दोन, तीन. मोठ्या लेकराला जवळ बोलावून त्याच्याकडूनही मोजून घेतली. साही घरांतून आरपार उजेड दिसला, तेव्हा त्यांनी ते तसंच, उघडं, पाटावर ठेवलं आणि हळदीकुंकवाचं ताट पुढं सरकवलं.